आहेत तसेच गाल

टक्कन डबीचं झाकण उघडलं आणि सकाळची शांतता मोडली. आरशात तिचे गाल पुन्हा लालबुंद दिसत होते. “रोझेशिया हा त्वचेचा आजार मुळापासून जात नाही, पण आवरता येतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तिनं वाफाळता चहा सोडला, तिखट सोडलं, उन्हाशी कट्टी घेतली. सुटत नव्हता तो गाल पेटवणारा जाड मेकअप, कारण नोकरीच ब्युटीपार्लरमधली. “असले गाल बघून गिऱ्हाईक पळेल बाई!” मालकिणीनं कालच टोमणा मारला होता. “पळू दे!” ती आरशाला म्हणाली आणि तिनं मेकअपची डबी सरळ कचऱ्यात टाकली. सौम्य क्रीम, वर सनस्क्रीन, बस्स. आज अशीच जाणार. चिमुकली लेक डोळे चोळत मांडीत शिरली. “आई, आज गाल झाकले नाहीस?” “नाही गं राणी. आहेत तसेच छान.” “मग पार्लरमधल्या मावश्यांचे गाल तू रोज का झाकतेस?”