पहिलं बटण

आईला बारीक अक्षरं दिसत नव्हती, म्हणून धाकटीने घरच्या जुन्या कॅसेटींवरून बनवलेल्या डीव्हीडीच्या, पडद्यावर दिसणाऱ्या बटणांवरची अक्षरं पुसून टाकली आणि चित्रं बसवायला घेतली. ताईच्या लग्नाच्या बटणावर ताई. समुद्राच्या बटणावर दादा, तोंडात वाळू गेलेला. राहिलं ते पहिलं, सगळ्यांत मोठं बटण. ते दाबलं की सगळं सुरुवातीपासून लागणार होतं.

"त्याच्यावर ह्यांना टाक," आईने बजावलं होतं. "ह्यांना बघितलं की मी माझी माझी लावीन. दर वेळी तुमच्या विनवण्या करायला नकोत."

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. भिंतीवर त्यांचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरून मोठा केलेला.

"तो नको गं बाई. दटावून बसवल्यासारखे दिसतात त्यात."

झालं! धाकटी हात धुवून कॅसेटींच्या मागे लागली. घरात कोणी शिंकलं तरी बाबा कॅमेरा काढायचे. पण तो दुसऱ्याच्या हाती देतील तर शपथ! त्यामुळे चित्रणात सगळे होते, शेजारची मांजरसुद्धा होती; बाबा तेवढे नव्हते. आरशात नाहीत, खिडकीच्या काचेत नाहीत.

"एखादं फूल टाक आणि मोकळी हो," दादा फोनवर म्हणाला.

"बाबा काय फूल होते?" धाकटीने फोन आपटला. हार मानणाऱ्यांतली ती नव्हतीच. ती पुन्हा पहिल्या कॅसेटपासून बसली.

बाबांना एक खोड होती. डाव्या हाताने कॅमेरा खालून धरायचे आणि अंगठा नेमका भिंगासमोर यायचा. लगेच आई ओरडायची. अंगठा पळायचा, जरा वेळाने पुन्हा कोपऱ्यात हजर. धाकटीने कितीतरी दिवस खपून, चित्र थोडं थोडं मोठं करत, तो प्रत्येक ठिकाणी चौकटीबाहेर घालवला होता. मोठ्या निगुतीने केलेलं काम होतं ते.

मूळ कॅसेटमध्ये तो तसाच होता. रुंद, हातोडी बसल्यापासून नख मधोमध चिरलेलं. धाकटी बघतच राहिली. मग तिला एकदम रडू फुटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने डोळे पुसले, कंबर कसली आणि इतक्या दिवसांचं साफसूफ केलेलं काम स्वतःच्या हाताने रद्द केलं. पुन्हा पहिल्यापासून जोडणी सुरू केली.

रविवारी सगळे टीव्हीसमोर जमले. रिमोट आईच्या हातात. पडदा उजळला आणि पहिल्या बटणाभोवती पिवळी चौकट आली.

"अगं, हे काय?" दादा म्हणाला. "बाबा कुठायत?"

आई पुढे वाकली. पडद्यावरच्या बटणातला चिरल्या नखाचा अंगठा जरासा हलला, सरकला, पुन्हा जागेवर आला. कोणाला न विचारता तिने बटण दाबलं.

चित्र सुरू झालं. त्यातून आईचाच, तरुणपणचा, वैतागलेला आवाज आला, "अहो, अंगठा काढा!"

"नका हो काढू," आई टीव्हीला म्हणाली.