कोरडा शाफ्ट

शाफ्ट कोरडा होता. भिकाजीने वाकून तळची फळी चाचपली. ओलीचा मागमूस नव्हता. त्याने कान खाली नेला. थेंबाचा आवाजही नाही.

ट्रॉलरचा पंखा फिरवणारा शाफ्ट तळातून जिथे बाहेर समुद्रात जातो, तिथे कालपर्यंत दोरी असायची. चरबीत भिजवलेली सुती दोरी भिकाजी स्वतः वेटोळी करून ठासायचा आणि वरचे नट हाताने बसवायचा. करकचून कधीच नाही. थेंब थेंब पाणी आत यायला हवं, त्यावरच शाफ्ट थंड राहतो. तरुणपणी शंकर तांडेलच्या बोटीवर कुणा नवख्याने ते नट आवळून टाकले होते. भर वाऱ्यात शाफ्ट तापून निळा पडला, जाम झाला, आणि बोट खडकावर गेली. शंकर सापडला नाही.

आत आलेलं पाणी डब्याने उपसायचं, हे भिकाजीचं काम. नजर अधू झाल्यावर तांडेलकी, म्हणजे बोट हाकायचं काम, मुलाकडे, सर्वेशकडे गेली. पण डबा भिकाजीकडे राहिला, आणि डब्यामुळे बोटीवरची जागाही.

काल ती दोरी निघाली. मुंबईहून आलेल्या स्वरूप नावाच्या मेकॅनिकने नवं सील बसवलं. रबराच्या नळीच्या तोंडाशी एक काळी रिंग आणि तिच्यावर दाबून बसणारी, शाफ्टला बारक्या स्क्रूंनी जखडलेली स्टीलची दुसरी रिंग. थेंबही आत येणार नाही, असं तो म्हणाला होता. तसंच झालं होतं.

शाफ्ट जळेल, असं भिकाजीने सकाळी सर्वेशला सांगून पाहिलं. सर्वेश हसला होता.

"बाबानू, आता तुमी घराक बसा. पाणी येवचाच नाय, तर उपसतल्यात काय?"

"डबो घेवन जावा," लवू खलाशाने भर घातली होती. "न्हाणयेत कामाक येतलो."

वर आता नारळ द्यायची गडबड चालली होती. मोसमाचा पहिला दिवस. स्वरूपची स्क्रू पिळायची वाकडी चावी फळीवरच पडली होती. मुलगा कोरड्या शाफ्टावर समुद्रात चालला होता आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. भिकाजीने चावी उचलली. स्क्रू सैल केले, अंगठ्याने स्टीलची रिंग जराशी मागे रेटली. एक थेंब जमला, लोंबला आणि फळीवर पडला. मग दुसरा. त्याने स्क्रू परत फिरवले, जन्मभर नट फिरवले तसेच, हलक्या हाताने. चावी खिशात टाकली आणि डबा घेऊन तो जेटीवर उतरला.

ट्रॉलर सर्जेकोटच्या खाडीतून बाहेर पडला तेव्हा त्याला बरं वाटत होतं. बाकीच्या होड्या आधीच गेल्या होत्या. सून रिया मोबाइल हातात धरून उभी होती. स्वरूप बाजूला बसून हत्यारं पिशवीत भरत होता. भरता भरता तो थांबला, पिशवी उलटी करून परत चाचपू लागला.

"काका, माझी एक बारकी वाकडी चावी दिसली का तुम्हाला?"

भिकाजीने खिशातली चावी वरूनच चाचपली. मग त्याने विचारलं, "पाण्याशिवाय शाफ्ट जळाचो नाय?"

"पाणी आहे ना. दोन रिंगांच्या मधे असतं, केसाहून पातळ. तेवढं पुरतं. बाहेर दिसत नाही, इतकंच." स्वरूप अजून चावी शोधत होता. "फक्त ते स्क्रू पक्के आवळलेले हवेत. इंजिनाच्या वेगात रिंग मागे सरकली, तर खालची खोली भरायला वेळ लागत नाही."

भिकाजीने समुद्राकडे पाहिलं. ट्रॉलर आता हाताच्या अंगठ्याएवढा दिसत होता. त्याने रियाला फोन लावायला सांगितला. फोन बराच वेळ वाजत राहिला. मग इंजिनाचा आवाज आला आणि त्या आवाजात सर्वेश ओरडून बोलत होता. बोट मस्त पळते आहे, म्हणत होता.

"खाली उतरान बघ," भिकाजी म्हणाला.

"कित्याक?"

कशाला, ते सांगायचं होतं. रिया बघत होती. परका माणूस समोर बसला होता. भिकाजीने ओठ ओले केले.

"बघ म्हणतंय ना."

"बाबानू," सर्वेश हसत म्हणाला, "खाली बघूक लागू नये म्हणानच तर ह्यां बसवलंय."

"सर्वेश, मी..."

इंजिनाचा आवाज मधेच तुटला. भिकाजीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. रियाने तो काढून घेतला, परत लावला, परत लावला. रेंज गेली, म्हणाली. मग सासऱ्याच्या तोंडाकडे बघून तिने काय झालं, विचारलं.

भिकाजीने खिशात हात घातला. चावी काढून स्वरूपच्या तळहातावर ठेवली.

स्वरूपने चावीकडे पाहिलं. मग रिकाम्या जेटीकडे, जिथे मागे धाडायला एक होडी उरली नव्हती. तो उठून उभा राहिला.

"रिंग किती मागे घेतलीत?" त्याने अगदी हळू विचारलं.

भिकाजीच्या पायाशी डबा होता.

"थेंब पडापुरती," तो म्हणाला.