वावटळीची रांग

"मी नाही बसणार कशातच," स्पृहा म्हणाली आणि बाकावर बसली.

दत्तप्रसादने हातातल्या पिशव्या तिच्या शेजारी टेकवल्या. टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, कपड्यांचे जादा जोड. "अगं, धायरीहून निघून हडपसर ओलांडेपर्यंत अर्धी सकाळ गेली. आणि आता नाही?"

"मी म्हटलं होतं का यायचं? दर मे महिन्यात पार्कात यायचंच, असा काही नियम आहे का, बाबा?"

होता. एका मेमध्ये फाटकाजवळची छोटी आगगाडी, नंतर कधीतरी फिरते कप, मग पाण्याची घसरगुंडी. स्पृहा वाढत गेली तसे तिघं पार्कात दरवर्षी थोडे आणखी आत येत गेले. आता अगदी शेवटी, कुंपणाला लागून, फक्त वावटळ, म्हणजे इथला रोलर कोस्टर, उरली होती. आगगाडीत स्पृहाशेजारी तिची आई उत्कर्षा बसायची, कपातही तीच. वावटळीत बाप-लेक बसायचे आणि उत्कर्षा खाली, याच बाकावर, पिशव्या घेऊन.

"दोन वर्षांपूर्वी इथून ओढून न्यावं लागलं होतं तुला. घरी जायचं नाही म्हणून रडत होतीस."

"तेव्हा लहान होते मी." स्पृहाने मोबाईलवरून नजर काढली नाही.

"बरं. मग चला घरी. पोरगी मोठी झाली, विषय संपला."

उत्कर्षा हलली नाही. ती वर बघत होती. डबे खडखडत चढणीला लागले होते.

"उत्कर्षा?"

"मला बसायचंय."

"बस की." दत्तप्रसाद बाकावर सरकला.

"त्यात."

रांगेच्या तोंडाशी पाटी होती: *मानेचे किंवा मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी बसू नये.*

"आई, तू? एकटी?"

"बाबा येईल ना."

"मी? अगं, माझा मणका..."

"सगळ्यांना असतो, बाबा," स्पृहा म्हणाली.

"पण कशासाठी? आपण हिच्यासाठी येतो. ही तर जात नाहीये."

"म्हणूनच." उत्कर्षाने पायांतल्या सॅंडलचे पट्टे घट्ट केले. "पुढच्या वर्षी हिची दहावी. मग कॉलेज, मग मित्रमैत्रिणी. दत्ता, आज घरी गेलो तर मला इथे परत कोण आणणार आहे?"

ती एकटीच रांगेकडे गेली.

*ओढणी, टोपी, चष्मा काढून ठेवावा.*

रांगेत सगळी पोरं. गळ्यात शिट्टी घातलेला माणूस फाटकाची दांडी धरून उभा.

"मॅडम, मुलांना पुढे घ्या."

"मुलं नाहीत."

"आधी गेली का?"

"एकच आहे. ती तिकडे बाकावर. कंटाळलीय."

"मग तुम्ही..."

"मी नाही कंटाळले."

त्याने तिच्या ओढणीकडे बोट दाखवलं. उत्कर्षाने ती काढली, बोळा केला आणि कठड्यावरून भिरकावली. ती थेट दत्तप्रसादच्या डोक्यावर. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

*दांडा लागल्यावर उठू नये.*

मांडीवर दांडा लागला. शेजारची जागा रिकामी.

वर.

आणखी वर. खाली आगगाडी, कप, घसरगुंडी. एकात एक ठेवून पिशवीत भरता येईल इतकं सगळं लहान. बाक दिसला. बाकावरची माणसं ओळखू येईनात.

आणखी

वर. डबा थांबला. वारा. तिने डोळे मिटले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मान वर करून बघत आले, ते डोळे मिटून बघायचं?

उघडले.

आणि


खाली दत्तप्रसाद ओढणी हातात धरून उभा होता. एकदम पन्नास जण किंचाळले, पण त्यातून एक आवाज वेगळा निघून वर चढला. मोठा, खरखरीत, मधेच फुटणारा.

"हे कोण?" त्याने विचारलं.

स्पृहाने मोबाईल उलटा मांडीवर ठेवला होता. "आई."

"घाबरली बघ. तरी मी म्हणत होतो..."

"थांब." ती ऐकत राहिली. डबे वळणावर आडवे झाले, आवाज दूर गेला, परत आला. "बाबा, ती हसतेय."

असं हसणं दोघांनीही घरी कधी ऐकलं नव्हतं.

उत्कर्षा जिन्यावरून उतरली तेव्हा तिचे केस चारी दिशांना उभे होते. एका कानात डूल, दुसऱ्यात नाही. दत्तप्रसाद पाण्याची बाटली घेऊन पुढे झाला. "बस जरा. चक्कर येतेय का?"

"बाजूला हो रे," ती म्हणाली आणि त्याला वळसा घालून सरळ रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"परत?"

ती पुढच्या माणसाची पाठ सरकायची वाट बघत होती. तेवढ्यात कुठल्याशा कॉलेजची पोरापोरींची अख्खी टोळी आरडाओरडा करत तिच्या मागे येऊन लागली.

स्पृहा बाकावरून उठली. चालायला लागली, मग पळायला. कठड्याखालून वाकून ती आईच्या शेजारी उगवली. धापा टाकत म्हणाली, "मी पण येते."

"ये ना," उत्कर्षा म्हणाली. "पण इथे नाही. शेवटून ये."

"काय?"

"मागे एवढी माणसं उन्हात उभी आहेत. मधे नाही घुसायचं."

"अगं आई, मी आहे!"

"दिसतंय मला."

मागची टोळी खिदळली. मग स्पृहाही हसायला लागली. कठड्याखालून बाहेर पडली आणि पळत रांगेच्या टोकाला गेली. समोर सगळी उंच पोरं, बॅगा, खांदे. त्या सगळ्यांच्या पुढे कुठेतरी आईचं विस्कटलेलं डोकं दिसावं म्हणून ती चवड्यांवर उभी राहिली.