पटांगणातली नाईल

शाळेच्या शहाबादी फरशीवर मी सकाळीच खडूनं उत्तर आफ्रिकेचा भलामोठा नकाशा काढून ठेवला होता. मधल्या सुट्टीनंतर पाचवीच्या वर्गाला बाहेर आणलं आणि म्हणालो, "चला, आता सहारा वाळवंट चालत ओलांडायचं."

कोणीच हललं नाही. सगळे नकाशाच्या कडेला नुसते उभे.

"विद्येला पाय लावत नसतात, सर," प्रणाली हळूच म्हणाली.

व्हरांड्यातून मुख्याध्यापिका खंदारे मॅडम बघत होत्या. "पुस्तकात नकाशा असताना फरशी कशाला खराब करता?" असं त्यांनी सकाळीच सुनावलं होतं.

शेवटी प्रणालीनंच चपला काढल्या, फरशीला हात लावून नमस्कार केला आणि ती सहारात उतरली. तिच्यामागे अख्खा वर्ग, अनवाणी.

"आई गं! पोळतंय, सर!"

दुपारची फरशी तव्यासारखी तापलेली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी धावत बागेतली झारी आणली आणि नाईलच्या रेघेवरून पाणी ओतत गेलो. पोरं उड्या मारत त्या ओल्या पट्टीवर आली आणि एकमेकांना धरून, खेटून उभी राहिली. बाकीचं वाळवंट रिकामं.

"इजिप्तमधली माणसं कुठं राहत असतील?" मी विचारलं.

"इथंच!" सगळे ओरडले.

मी मागे पाहिलं. चपला व्हरांड्यात सोडून, साडी जरा वर धरून खंदारे मॅडम लगबगीनं सहारा ओलांडत होत्या.

"सरका रे जरा," त्या म्हणाल्या, "मलाही नदीकाठी जागा द्या."