बंदुकीचं सायलेन्सर

ठाणेदार साहेब, तुम्ही खोटं बोललात. आवाज मरतो म्हणालात, तो मेला नाही.

भातकुलीजवळ आमच्या तुरीत रानडुकरं शिरतात, म्हणून माझ्याकडं परवान्याची बंदूक. गावाला त्रास नको म्हणून तुम्हीच नळीच्या तोंडावर तो जाड लोखंडी डबा बसवून दिला. माझी बायको सुनंदा हसली. "फटफटीचं सायलेन्सर बंदुकीले? आता किकबी मारा."

बार काढला की नुसतं धप्प व्हायचं, कापसाचं बोचकं पडल्यासारखं. शेताच्या धुऱ्यावरचे बगळेसुद्धा उडत नव्हते.

पण घरी नीलम कान दाबायची.

नीलम माझी पोरगी, नऊ वर्षांची, जन्मापासून ठार बहिरी. पायाशी सुतळी बॉम्ब फुटला तरी वळत नाही. मी शेतात बार काढला की ती घरात दोन्ही कान दाबायची, मग शेताकडं बोट दाखवायची.

निवडणूक लागली. नियमाप्रमाणं बंदूक डब्यासकट मी ठाण्यात तुमच्याकडं जमा केली.

तरी परवा भरदुपारी नीलमनं कान दाबले आणि बोट दाखवलं गल्लीच्या तोंडाकडं. काल दाखवलं आंगणाकडं.

"अवो, हे काय दाखवून रायली?" सुनंदानं विचारलं. मी आंगणात जाऊन पाहून आलो.

आज नीलमनं कान दाबले, आणि बोट थेट सुनंदाच्या पाठीमागं, दारात. दारात कोणी नव्हतं. बारुदीचा वास मात्र होता, ताजा.

बंदूक तुमच्या कपाटात आहे ना, साहेब? मग आमच्यावर ती कोण चालवून राहिलं? लेखी उत्तर द्या, उद्या दुपारच्या आत.