मॅडमची बॅच

मैदानाच्या जाळीपलीकडे रीता मॅडम दिसल्या आणि मुखरूचा जीव भांड्यात पडला. त्याची पोरगी दिव्यानी इथे चंद्रपूरला कॉलेजात होती तेव्हा तिला केमिस्ट्री शिकवणाऱ्या मॅडम. आज पोरीची वनरक्षक भरतीची दौड होती आणि मॅडम तिच्यासाठी सकाळीच आल्या होत्या. त्याने खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि जाळीजवळ गेला.

"नमस्कार मॅडम. लय बरं झालं आल्या. दिव्यानीनं काई खाल्लं नाई सकाळपासून. भेव लागते म्हनते. तुमी दोन शब्द सांगा तिले."

मॅडमनी हात जोडले. "सांगते, भाऊ."

"सुट्टी टाकून आल्या असान."

"सुट्टी कशाची, भाऊ. आपलं कॉलेज बंद झालं ना मागच्या वर्षी."

मुखरूला उमजेना. काल स्टँडवरून चालत येताना त्याने दोन्ही बाजूंना नवे मजले चढताना पाहिले होते. त्याच्या नागभीडकडच्या गावातलीही चार घरं इथेच येऊन राहिली होती.

"शहर तं वाढूनच राह्यलं, मॅडम. मंग पोरं कुठी गेली?"

"घरं वाढली. पोरं नाही वाढली. आता घरात एक लेकरू, त्याला मायबाप नागपूरच्या कोचिंगमध्ये टाकतात. आमच्याकडे नुसतं नाव घालायचे. शेवटी तर मी रिकाम्या बाकांसमोर हजेरी घेत होती."

तेवढ्यात माइकवरून दिव्यानीची बॅच बोलावली. मॅडमनी अंगातलं जॅकेट काढलं, घडी केली आणि जाळीच्या खांबाशी ठेवलं. त्यांच्या छातीवर पांढऱ्या कापडाचा नंबर होता. एका कोपऱ्याची पिन निघाली होती. ती त्यांनी खाली मान घालून नीट लावली.

मुखरू त्या नंबराकडे बघत राहिला. तसाच नंबर त्याने पहाटे दिव्यानीच्या छातीवर पाहिला होता.

"मॅडम, तुमी बी?"

"हो. यंदा शेवटचा चान्स आहे, भाऊ. मग वय निघून जाते."

त्या निघून गेल्या. दिव्यानी कॉलेजात असताना नवं धान निघालं की मुखरू दरवर्षी मॅडमच्या घरी तांदूळ पोचवायचा. गावात कोणी विचारलं, पोरीले एवढं काऊन शिकवून राह्यला, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. रीता मॅडमसारखी करतो म्हणायचा.

शिटी झाली. पोरी सुटल्या.

दिव्यानी गावात रोज नहराच्या पाळीवर धावायची. ती पुढे असेल म्हणून मुखरूने पुढच्या पोरींमध्ये तिला शोधलं. तिथे ती नव्हती. पाठीमागून येणाऱ्या घोळक्यात रीता मॅडम दिसल्या. तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली. त्यांच्या बरोबर मागे, एका हाताच्या अंतरावर दिव्यानी.

ती दमली नव्हती. तिला धापसुद्धा लागली नव्हती. मॅडमची चाल मंदावली की ती मंदावत होती. दोघींच्या बाजूने पोरी पुढे निघून जात होत्या.

मॅडमच्या पुढे चालायचं नाही, हे मुखरूनेच तिला सांगितलं होतं. त्याने जाळी धरली. पळ, असं त्याला ओरडायचं होतं. पण मॅडमच्या देखत, मॅडमला टाकून पळ, हे ओरडायचं कसं?

दुसऱ्या फेरीत मॅडमनी मान वळवून काहीतरी म्हटलं. दिव्यानीने नाही म्हणून डोकं हलवलं. मॅडम परत काही बोलल्या. मग त्या चुन्याच्या रेघेबाहेर गेल्या आणि उभ्याच राहिल्या.

दिव्यानीही थांबली.

मॅडमनी हात वर करून पुढचा रस्ता दाखवला. दिव्यानीने ओढणी नसलेल्या खांद्यावर डोळे पुसले आणि धावली. मग अशी धावली की मुखरूला ती आपली पोरगी वाटेना. ती दूरच्या वळणावर पोचल्यावरच मॅडम पुन्हा रेघेच्या आत आल्या.

दिव्यानी वेळेत पोचली. मॅडम पार शेवटी आल्या आणि गवतावर ओणव्या झाल्या.

मुखरूने पाण्याची बाटली जाळीवरून पोरीकडे टाकली. "आधी मॅडमले दे."

ती देऊन परत आली तेव्हा त्याने विचारलं, "काय म्हनत होत्या मॅडम?"

"पुढं जा म्हने. मी गेली नाई." दिव्यानीचा आवाज फुटत होता. "मंग म्हने, दिव्यानी, मले दोनदा फेल नको करू."

मैदानात पुढची बॅच रांगेने मातीत बसली होती. मॅडम बूट हातात घेऊन त्या रांगेजवळून येत होत्या. एका पोरीने वर पाहिलं आणि ती पटकन उभी राहिली. तिच्या मागची उभी राहिली. मग दुसऱ्या रांगेतून दोघी-तिघी, मग आणखी काही.

"गुड मॉर्निंग, मॅडम."

कोणी मोठा साहेब आला असेल म्हणून खुर्चीवरचे वनखात्याचे लोक वळून बघू लागले. रीता मॅडम अनवाणी उभ्या होत्या. छातीवरचा नंबर घामाने भिजून अंगाला चिकटला होता.

"बसा," त्या म्हणाल्या.

पोरी बसल्या.