कोरडी पुंगळी

हुसेनमियाँने काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला तेलाचं बोट लावलं, ती प्रेसमध्ये उभी केली आणि हँडल खाली ओढलं. गोळी झाडली की पितळेची पुंगळी फुगते. डायच्या साच्यात दाबली की पुन्हा मापात येते, परत भरता येते. सौदीतल्या अल सुलैच्या या वर्कशॉपमध्ये लढाईभर हेच काम चाललं होतं. लढाई संपली, पुंगळ्यांची पोती संपली नव्हती.

दार उघडल्याचा आवाज झाला.

"दार लाव बाबा, वाळू आत येते," मान वर न करता तो म्हणाला.

दार लागलं. पण शेजारच्या केरूने लेथ बंद केला आणि तो तिकडेच बघत राहिला, म्हणून हुसेनमियाँनेही बघितलं. दाराशी तल्हा उभा होता, कुवेतमध्ये अडकलेला त्याचा धाकटा भाऊ. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट. मागे ट्रकवाला दौलत हसत होता. कुवेतला पीठ पोचवून परत येताना त्याने तल्हाला शोधून आणलं होतं.

इराकने कुवेत घेतलं त्या ऑगस्टपासून तल्हाची काही खबर नव्हती. गावी, हर्णैला लोक अम्माला सांगायला लागले होते, आता तो गेला समज, त्याच्या नावाने फातिहा दे. हुसेनमियाँ दर फोनला तिला थांबवत आला होता.

नजर तल्हावर, पण हाताला सवयीचं काम. त्याने पुढची पुंगळी उचलली, ठेवली, हँडल ओढलं. तेल लावायचं राहिलं. कोरडी पुंगळी डायमध्ये अशी बसली की हँडल वर जाईना की खाली येईना. ते तसंच सोडून तो धावला. मिठी मारली तर तल्हाच्या पाठीची हाडं हाताला लागली. 

फोरमन आला. डाय एकच होती, नवी कुठून येणार? त्याने आवाज चढवला. केरूने मोडक्यातोडक्या अरबीत त्याला हा पाहुणा कोण ते सांगितलं. फोरमनने अडकलेलं हँडल पाहिलं, तल्हाकडे पाहिलं.

"खलास," तो म्हणाला, म्हणजे आजचं काम पुरे. मग दोघा भावांना ऑफिसात नेऊन त्याने फोनचं कुलूप काढलं.

हर्णैत फोन शेजारच्या नूरुन्निसाकडे होता. ती अम्माला बोलावून घेऊन आली.

"अम्मा, मी तल्हा."



"हुसेन, पुरे कर," अम्मा म्हणाली. "तुमचे आवाज सारखे आहेत, मला का ठाऊक नाही? माझं मन राखायला भावाचं सोंग आणू नकोस."

तल्हा हसतही होता, रडतही होता. त्याने शपथा घेतल्या, लहानपणी विहिरीत पडल्याचं सांगितलं. ते तर हुसेनलाही माहीत आहे, अम्मा म्हणाली. हुसेनमियाँने रिसीव्हर घेतला, तरी तिला पटेना.

"मग दोघं एकदम बोला," ती म्हणाली.

दोघांनी रिसीव्हरच्या दोन बाजूंनी गाल टेकवले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. दोघेही एकदमच "अम्मा" म्हणाले.

पलीकडून नूरुन्निसाचा आवाज आला.

"अरे, पुन्हा एकदा म्हणा. तिला परत ऐकायचंय."